ऑक्सिजनच्या नावात आम्ल, हेलियमच्या नावात धातू

मराठीतून रसायनशास्त्र शिकवावे की नाही, हा वाद निघाला की दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की प्रत्येक इंग्रजी संज्ञेला अर्थवाही मराठी प्रतिशब्द हवा. शब्द कानावर पडताच मुलाला पदार्थाचा बोध झाला पाहिजे. दुसरा तट म्हणतो, इंग्रजी संज्ञा नेमक्या असतात, त्यांना हात लावला की घोटाळा झालाच म्हणून समजा. दोघे हिरिरीने भांडतात. पण भांडताना दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शास्त्रीय नावाच्या पोटात शास्त्र असते, ही ती गोष्ट. मला ती मान्य नाही. इंग्रजी रसायनशास्त्रातली नावे उकलून पाहा. आत जुन्या चुका निघतात, खाणकामगारांनी भुतांना घातलेल्या शिव्या (कोबाल्ट, निकेल) निघतात, डोळ्यांत घालायचा सुरमा निघतो, वाळवंटातले देऊळ निघते. शास्त्र क्वचितच निघते.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू, कारण या नावामागे सगळ्यात मोठी माणसे उभी आहेत.

१ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटले आणि निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती भडकून जळाली. प्रीस्टलींचा त्या काळच्या फ्लॉजिस्टन सिद्धांतावर विश्वास होता: पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते आणि हवा ते शोषून घेते. ज्या हवेत इतके चांगले जळते, तिच्यात फ्लॉजिस्टन मुळीच नसणार, म्हणजे ते सामावायला भरपूर जागा असणार. म्हणून त्यांनी नाव दिले ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’. स्वीडनमध्ये शेले यांनी हाच वायू त्यांच्याही आधी मिळवला होता. ते त्याला ‘आगीची हवा’ म्हणत. पॅरिसमध्ये लाव्हाझिए यांनी फ्लॉजिस्टनच मोडीत काढले. पण त्यांनीही नाव ठेवताना आपला सिद्धांत त्यात घातलाच. गंधक, फॉस्फरस, कोळसा या हवेत जाळा, मिळेल ते पाण्यात विरघळवा, की आम्ल होते. तेव्हा हा वायू म्हणजे आम्लाचा जनक, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रीकमध्ये ‘ऑक्सिस’ म्हणजे आंबट, तीक्ष्ण. त्यावरून ऑक्सिजन.

१७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रोआ या चौघांनी मिळून रसायनांच्या नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. आज आपण सल्फेट, सल्फाइट, ऑक्साइड म्हणतो ते मूळ या चौघांचे. त्यांचा राग समजण्यासारखा होता. त्या आधीची नावे म्हणजे जत्रेतली गर्दी: व्हिट्रिऑलचे तेल, अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले, गंधकाचे काळीज, शिशाची साखर. लाव्हाझिए वैतागून लिहितात की खनिजांच्या राज्यात ना तेल असते, ना लोणी, ना फुले. आणि ज्यांना ही गोड नावे दिली आहेत ते पदार्थ जहाल विष आहेत. शिशाची साखर खरोखर गोड लागते, हीच तिची मोठी भीती. या बाबतीत लाव्हाझिए यांच्याशी माझे भांडण नाही. कोणत्या पदार्थात काय काय आहे हे नावातच मांडायचे, ही त्यांची संयुगांसाठीची योजना अजोड होती आणि अजून टिकून आहे.

भांडण आहे ते मूलद्रव्यांच्या नावांशी. संयुगाच्या नावात त्याचे घटक सांगता येतात. मूलद्रव्याच्या नावात काय सांगणार? लाव्हाझिए यांनी तिथे आपले मत सांगितले, आणि मत चुकले. ज्या १७८७ मध्ये ही पद्धत छापली गेली, त्याच वर्षी चौघांतल्याच बर्तोले यांना प्रशियन आम्लात (आजच्या हायड्रोसायनिक आम्लात) ऑक्सिजन सापडेना. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मिठापासून मिळणाऱ्या म्युरिॲटिक (आजच्या हायड्रोक्लोरिक) आम्लातही ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे धरून चालले होते, कारण नावच तसे म्हणत होते. त्या आम्लापासून मिळणाऱ्या हिरवट पिवळ्या, नाक जाळणाऱ्या वायूला तर ‘ऑक्सिम्युरिॲटिक आम्ल’ असे दुप्पट चुकीचे नाव मिळाले होते. तो आम्लही नव्हता आणि त्यात ऑक्सिजनही नव्हता.

लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी या वायूत कोळसा विजेने पांढरा होईपर्यंत तापवला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो ओढून घेतला असता. काही निघाले नाही. १८१० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी जाहीर केले की हा वायू मूलद्रव्य आहे. आता त्याला नाव हवे होते, आणि इथे डेव्हींनी जे केले ते मला रसायनशास्त्राच्या इतिहासातले सर्वांत शहाणे नामकरण वाटते. त्यांनी सिद्धांताला हातच लावला नाही. रंग पाहिला, फिकट हिरव्यासाठीचा ग्रीक शब्द घेतला आणि क्लोरीन म्हणून मोकळे झाले. वर कारणही दिले: उद्या हा वायू संयुग निघाला, अगदी त्यात ऑक्सिजन सापडला, तरी या नावात चूक शिरणार नाही आणि ते बदलावे लागणार नाही. स्वतःचा शोध उद्या खोटा ठरू शकतो हे धरून माणूस नाव ठेवतो आहे. आपल्या परिभाषा समित्यांच्या बैठकीत हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

मग ऑक्सिजनचे नाव का बदलले नाही? कारण तोवर ते रुळले होते, आणि रुळलेल्या नावाचा मूळ अर्थ कोणी विचारत नाही. कुलकर्णी आडनावाची बाई हृदयाची शस्त्रक्रिया करते. तिने गावचे दप्तर सांभाळावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. नाव ओळखीसाठी असते. ऑक्सिजन म्हटल्यावर आठ प्रोटॉनांचे ते मूलद्रव्य सगळ्या जगाला कळते, एवढे पुरे. लाव्हाझिए यांची चूक मात्र जर्मनमध्ये ‘आंबट द्रव्य’ म्हणून, जपानीत ‘आम्ल-मूल’ म्हणून, बंगालीत ‘अम्लजान’ म्हणून भाषांतरित होऊन बसली. इंग्रजांनी ग्रीक शब्द जसाच्या तसा घेतल्यामुळे निदान ती चूक झाकलेली राहिली.

हेलियमची गोष्ट महाराष्ट्राला जवळची वाटते, तेव्हा थोडे थांबू. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात १८६८ साली एक पिवळी रेषा दिसली, जी कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर यांनी ती सूर्यावरच्या नव्या मूलद्रव्याची मानली आणि सूर्यासाठीचा ग्रीक शब्द घेऊन हेलियम म्हटले. शेवटचा ‘-इयम’ धातूंचा असतो: सोडियम, पोटॅशियम. सूर्यावर धातूच असणार, असे तेव्हा वाटले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजातून हा वायू पृथ्वीवर मिळाला. कशाशीही संयोग न करणारा निष्क्रिय वायू. त्याच्या कुळातले बाकीचे निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन ‘-ऑन’ने संपतात, हा एकटा धातूची शेपटी लावून फिरतो. कोणाचे काही अडले नाही. आणि विजयदुर्गाबद्दल सांगायचे तर, किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो आणि लॉकियर यांनी तो वायू तिथल्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून शोधला असे सांगतात. लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तीस वर्षांनी आले म्हणून कट्ट्याचे मोल कमी होत नाही. खरी गोष्टही सांगण्यासारखीच आहे.

अशी आणखी कितीतरी नावे आहेत. ‘ॲटम’ म्हणजे जो कापता येत नाही तो. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी त्यातला इलेक्ट्रॉन वेगळा दाखवला आणि नाव तसेच राहिले. लाव्हाझिए नायट्रोजनला ‘अझोत’ म्हणत, निर्जीव अशा अर्थाने, कारण त्यात प्राणी मरतात. आणि प्रत्येक सजीवाच्या प्रथिनात तो असतोच. फ्रेंच लोक आजही अझोतच म्हणतात. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये ‘व्हायटल’ (जीवनावश्यक) आणि ‘अमाइन’ (नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक प्रकार) जोडून व्हिटॅमिन शब्द केला. पुढे कळले की यातली बरीच द्रव्ये अमाइन नाहीतच. १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी तोड काढली: इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे एक अक्षर गाळा. नवा शब्द घडवण्यापेक्षा एक अक्षर कापणे स्वस्त पडले. आपल्याकडे त्याला जीवनसत्त्व म्हणाले आणि तो शब्द शाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंत पोचला. मराठी परिभाषेचे जे थोडे निर्विवाद विजय आहेत, त्यात मी याला धरतो. पण तो जिंकला तो व्याख्या म्हणून नेमका होता म्हणून नाही. जीवनाला लागणारी सत्त्वे तर पाणी आणि मीठसुद्धा आहेत. तो तोंडात बसला, म्हणून जिंकला.

जे म्हणतात की मातृभाषेतल्या साध्या शब्दांनी शास्त्र बाळबोध होते, त्यांनी इंग्रजीचेच जुने घर पाहावे. फ्रान्समधून नॉर्मन लोक येण्याआधीच्या इंग्रजीत पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’चे पूर्वरूप होते. ‘क्विक’ म्हणजे तेव्हा जिवंत, जिवंत चांदी. लॅटिन शब्दाचे ते सरळ भाषांतर होते. नंतर ‘क्विक’चा अर्थ घसरत ‘चपळ, लवकर’ असा झाला आणि जिवंतपणा नावातच पुरला गेला. गंधकाला ‘ब्रिमस्टोन’, म्हणजे जळता दगड. तो आता बायबलमधल्या नरकात उरला आहे, प्रयोगशाळेत नाही. राखेच्या पाण्याला ‘लाय’ म्हणत. ते पाणी भांड्यात आटवले की ‘पॉटॲश’. त्या घरगुती भांड्यातूनच डेव्हींनी १८०७ मध्ये पोटॅशियम हे नाव काढले. जगभरच्या प्रयोगशाळांत जो शब्द भारदस्त म्हणून उच्चारला जातो, त्याच्या पोटात चुलीतली राख आहे. त्या मूलद्रव्याचे चिन्ह ‘के’ मात्र अरबी ‘अल-कली’वरून आले आहे. तीही राखच, खारट जमिनीवरच्या झुडपांची.

जर्मनांनी तर बरीचशी नावे आपल्याच भाषेत ठेवली. हायड्रोजन ‘पाण्याचे द्रव्य’, नायट्रोजन ‘गुदमरवणारे द्रव्य’. आणि एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते पहिले महायुद्ध या काळात रसायनशास्त्रात जर्मनी पुढे होता. इंग्रज आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना शिकायला तिकडे जावे लागे. मातृभाषेतल्या नावांनी त्यांचे नुकसान झाले नाही. त्याच नावांमुळे ते पुढे गेले, असेही मी म्हणणार नाही. कारखाने होते, विद्यापीठे होती, पैसा होता. नावाच्या खात्यावर ना ते यश मांडता येते, ना आपले अपयश.

आणि अरबीचे ऋण तर इंग्रजीने इतके पचवले आहे की ते दिसतही नाही. अल्कोहोल म्हणजे मुळात ‘अल-कुह्ल’, डोळ्यांत घालायची बारीक पूड. बारीक पूड म्हणून शुद्ध केलेले सार, सार म्हणून दारूचे सार, आणि अखेर दारूच. केमिस्ट्री हा शब्द ‘अल-किमिया’तून आला, आणि तोच मराठीत किमया होऊन जादूच्या अर्थाने नांदतो. अमोनियाचे नाव लिबियाच्या वाळवंटातल्या आमोन देवाच्या देवळाजवळ मिळणाऱ्या क्षारावरून पडले. त्याच क्षाराला आपण नवसागर म्हणतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात तो टाकतो, पांढरा धूर निघतो, कथील चकचकीत पसरते. नऊ सागरांशी त्याचा काही संबंध नाही. फारसी ‘नोशादर’ मराठी तोंडात गेल्यावर सागर झाला. अर्थाच्या दृष्टीने हा शब्द शुद्ध चूक आहे. कल्हईवाल्याचा त्याने कधी घोटाळा केला नाही.

आता यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नावावाचून जीव जातो तेव्हा काय? १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे मेली आणि २०० च्या आसपास आजारी पडली. गोळ्यांत साखर वाचवायला जिप्समची पांढरी पूड घालत; बोलीत तिला ‘डॅफ्ट’ म्हणत. औषधाच्या दुकानातल्या माणसाने चुकून दुसऱ्या पिंपातली पांढरी पूड दिली. ते आर्सेनिक होते. या प्रकरणाने खळबळ उडाली, आणि दहा वर्षांनी आलेल्या १८६८ च्या औषधविक्री कायद्यामागे जी कारणे होती त्यात ते एक. पण त्या पिंपाचा दोष नावाच्या व्युत्पत्तीत नव्हता. त्यावर चिठ्ठीच धड नव्हती. इंग्रजीतच दुसरे उदाहरण आहे जिथे शब्द खरोखर दोषी होता: ‘इनफ्लेमेबल’. लॅटिन ‘पेटवणे’ यावरून आलेल्या या शब्दातल्या ‘इन’ला लोक नकार समजतील आणि ‘न पेटणारे’ असा अर्थ घेतील, या धास्तीने १९२० च्या दशकात अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संघटनेने ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. तो आग्रह बरोबर होता. टाकीवरचा शब्द धावत्या माणसाने वाचायचा असतो. त्याला कोश उघडायला वेळ नसतो.

म्हणून इशाऱ्याचा शब्द वेगळा आणि पदार्थाचे नाव वेगळे, हे मला मान्य आहे. इशारा कळलाच पाहिजे, आणि तिथेही भाषेपेक्षा खुणेचा उपयोग जास्त होतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण शेतकऱ्याला जेवढे सांगतो, तेवढे त्याखालचे लांबलचक नाव कोणत्याही भाषेत सांगत नाही. उलट शास्त्रशुद्ध नाव सामान्य माणसाला घाबरवायला किती उपयोगी पडते, हे १९९७ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने दाखवले. ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ या घातक रसायनावर बंदी घालावी का, असे त्याने ५० जणांना विचारले. ४३ जण हो म्हणाले. ते रसायन म्हणजे पाणी. नाव पूर्णपणे पद्धतशीर, घटक सांगणारे, लाव्हाझिए यांनी पाठ थोपटावी असे.

आणि ज्यांना चूक परवडतच नाही, ते काय वापरतात? आकडे. जगातल्या नोंदलेल्या रासायनिक पदार्थांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली आहे आणि अमेरिकेतली सीएएस ही नोंदणी संस्था प्रत्येकाला क्रमांक देते. पाण्याचा ७७३२-१८-५. या क्रमांकात पाण्याबद्दल अक्षरही नाही. शेवटचा अंक तर फक्त आधीचे अंक नीट लिहिले की नाही हे तपासायला आहे. आयात-निर्यातीची कागदपत्रे, गोदामांतल्या नोंदी, कारखान्यांचे सुरक्षा तक्ते या अर्थहीन आकड्यांच्या भरवशावर चालतात. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानेही शेवटी व्यवहार पाहिला आणि व्हिनेगरसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेले ‘ॲसेटिक आम्ल’ हेच नाव त्याच्या पद्धतशीर ‘एथॅनॉइक आम्ला’पेक्षा पसंतीचे ठरवले. मुंगीवरून आलेले फॉर्मिक आम्लही तसेच ठेवले.

मग मराठीने काय करावे? १९६१ मध्ये नेमलेल्या केंद्राच्या वैज्ञानिक परिभाषा आयोगाने मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवायचे धोरण धरले, ते योग्यच होते. हायड्रोजन हायड्रोजनच राहू द्यावा. पण त्याच न्यायाने जे शब्द आधीच हातात आहेत त्यांना पुस्तकाबाहेर उभे करण्याचे कारण नाही. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना लागतो. तो मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट, हे पुस्तकाने एका ओळीत सांगितले की झाले. हिराकस, तुरटी, टाकणखार, सोरा हे शब्द मुलाने पदार्थ पाहून शिकलेले असतात. त्यांच्याजागी नवे संस्कृत समास घडवत बसणे आणि ते ‘अर्थवाही’ आहेत म्हणून मिरवणे, याला मी कष्टांची उधळपट्टी म्हणतो.

अर्थवाहीपणाचा हट्ट किती पोकळ असतो ते ‘अणू’वरून दिसते. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. एकच संस्कृत शब्द, सातपुड्याच्या अल्याड एक अर्थ, पल्याड दुसरा. दोन्हीकडची मुले रसायनशास्त्र शिकतात, दोन्हीकडचे शास्त्रज्ञ तारापूरच्या अणुवीजकेंद्रात शेजारी शेजारी काम करतात. अर्थ शब्दाच्या धातूत असता तर हे शक्य झाले नसते. प्राणवायूचेही तसेच. आयुर्वेदातल्या पाच वायूंपैकी एकाचे नाव उचलून आपण ऑक्सिजनला दिले. ज्या जिवाणूंना ऑक्सिजन विषासमान आहे त्यांचा या नावावर आक्षेप असू शकेल, पण लाव्हाझिए यांच्या नावापेक्षा हे काही जास्त चुकलेले नाही. कोविडच्या २०२१ च्या लाटेत वर्तमानपत्रे प्राणवायू छापत होती, रुग्णांचे नातेवाईक ऑक्सिजन म्हणत धावत होते. दोघांना एकच सिलिंडर हवा होता.

नाव बदलायची वेळ केव्हा येते, तर वापरात दोन अर्थ एकमेकांवर आपटू लागतात तेव्हा. ‘ऑरगॅनिक’चे तसे झाले आहे. सजीवांकडूनच मिळणारे पदार्थ, असा त्याचा जुना अर्थ. १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवल्यावर त्या अर्थाला तडा गेला, तरी कार्बनच्या संयुगांसाठी शब्द चालू राहिला. मराठीत तो ‘सेंद्रिय’ झाला. आज सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजी, सेंद्रिय शेती म्हणताना रासायनिक खते-कीटकनाशके न घातलेले, असा अर्थ अभिप्रेत असतो. बऱ्याच रासायनिक कीटकनाशकांचे रेणू मात्र रसायनशास्त्राच्या भाषेत पक्के सेंद्रिय असतात, आणि सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालणारा मोरचूद असेंद्रिय. दहावीच्या पोराने हे एका परीक्षेत कसे सांभाळायचे? बाजाराने घेतलेला शब्द परत मिळत नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘कार्बनी संयुगे’ म्हणायला सुरुवात केली आहे; ‘सेंद्रिय’ शेतकऱ्याला आणि दुकानदाराला देऊन टाकावा आणि वरच्या वर्गांतही ‘कार्बनी’च न्यावा.